रोजचाच शुक्रवार

पोलंडमधल्या परिषदेत माझा निबंध स्वीकारल्याचं पत्र आलं, तेव्हा मी शिकवत होते त्या कोल्हापूरच्या कॉलेजात पेढे वाटले गेले. घरी मात्र अव्वाला एकच काळजी.

"तिकडं खाणार काय गं तू? त्यांच्यात भाकरी असतीया व्हय?"

अव्वा म्हणजे माझी आई. आम्ही लिंगायत. घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. उसाच्या रानातली क्षारपड जमीन हा माझा विषय. त्यावर पंधरा मिनिटं इंग्रजीतून बोलायच्या धास्तीनं माझी झोप उडाली होती, आणि अव्वा आठवडाभर कडक भाकऱ्या थापत होती. भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग. निम्मी बॅग त्यानंच भरली.

ती बॅग विमानातून उतरलीच नाही. मधल्या विमानतळावर राहिली होती, दोन-तीन दिवसांत येईल, असं काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं. हातातल्या पिशवीत निबंध आणि एक स्वेटर तेवढा उरला.

नव्वदच्या दशकाची ती अखेर. परिषदेच्या फॉर्मवर मी "शाकाहारी" असं ठळक लिहिलं होतं. पहिल्या रात्री विद्यापीठाच्या भोजनगृहात माझ्यासमोर सूप आलं. त्यातले सॉसेजचे तुकडे काढलेले होते, वास मात्र तसाच होता. ते परत केलं तर मासा आला. मासाही परत केला तर मोठ्या प्रेमानं कोंबडी आली. मी पाव, काकडी आणि टोमॅटो खाल्ले. शेजारी दिल्लीहून आलेले एक प्राध्यापक बसले होते. ते मला न्याहाळत म्हणाले, "तुम्ही कोल्हापूरच्या ना? तुमच्या गावाचा तांबडा रस्सा खायला लोक लांबून येतात!"

"ते येतात, आम्ही वाढत नाही," मी म्हटलं. ते इतके हसले की मलाही हसू आलं. पण पोटात कावळे ओरडत होते ते काही थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारीही पाव आणि काकडीच. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि तिथली मुख्य स्वयंपाकीण तरातरा माझ्याकडं आली. साठीची, उंच, दंडापर्यंत बाह्या वर सारलेल्या. कमरेवर हात ठेवून ती माझ्या ताटाकडं बघत काहीतरी मोठ्यानं म्हणाली. परिषदेचे यजमान असलेले वयस्कर प्राध्यापक समोरच बसले होते. ते संकोचून म्हणाले, "त्या विचारताहेत, त्यांच्या हातचं अन्न तुम्हाला आवडत नाही का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तसं नाही हो. मी मांस खात नाही, एवढंच. मासेही नाही. माझी आई नाही खात, आजीही नव्हती खात."

त्यांनी ते पोलिश भाषेत सांगितलं. बाई विचारात पडल्या. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी बोट नाचवत एक प्रश्न विचारला. प्राध्यापक हसायलाच लागले.

"इथं जुन्या वळणाच्या घरांत शुक्रवारी मांस खात नाहीत, मासे तेवढे चालतात. त्या विचारताहेत, तुमच्याकडं रोजच शुक्रवार असतो का?"

"हो," मी म्हटलं. "रोजचाच शुक्रवार. आणि माशांशिवायचा."

बाईंनी गळ्यातल्या क्रॉसला हात लावला. मग माझा दंड धरून मला थेट आत नेलं. एकेक डबा, एकेक बरणी उघडून त्या माझ्या नाकाशी धरत होत्या. मी मान हलवायची. वाटाणे, हो. बीट, हो. सुकवलेली अळंबी, हो. डुकराच्या चरबीचा डबा आला, तेव्हा मी दोन पावलं मागं सरकले. बाई खो-खो हसल्या, तो डबा फळीवर ढकलून त्यांनी तेलाची बाटली पुढं ओढली.

त्या रात्री मी पोटभर जेवले. बिटाचं आंबटगोड सार, कोबी-वाटाण्याची भाजी, बटाटा किसून केलेली घावनं. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा निबंध झाला. घसा कोरडा पडला नाही की आकडा चुकला नाही. त्याचं श्रेय मी आजही त्या घावनांना देते.

दुपारी बॅग आली. मी चटणीचा डबा घेऊन स्वयंपाकघर गाठलं. बाईंनी चमचाभर चटणी तशीच तोंडात टाकली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मी घाबरले. त्यांनी पावावर लोणी थापलं, वर चटणी पसरली आणि दुसरा घास घेतला. संध्याकाळी घरी फोन लावून हे सांगितलं तर अव्वा ओरडली, "सगळी दे की तिला! तू काय, आता घरीच येणार हाईस."

चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर गर्दी झाली. दिल्लीचे प्राध्यापक आपलं मांसाचं ताट सोडून "शुक्रवार" मागायला लागले, मग दोन जपानी शास्त्रज्ञ, मग यजमान स्वतः.

शेवटच्या सकाळी चर्चासत्राला दांडी मारून मी स्वयंपाकघरात गेले. बटाटा आणि ताज्या चीजचं सारण भरून बाई आणि त्यांच्या हाताखालच्या बायका उकडायच्या करंज्या करत होत्या. कडा नुसत्या बोटांनी दाबून बंद करत होत्या. मीही एक पारी हातात घेतली, सारण भरलं आणि सवयीनं काठाला मुरड घातली. बारीक, पिळाची, दिवाळीत घालतो तशी. बाईंनी ती करंजी तळहातावर घेतली, उजेडात धरली आणि भांडी घासणाऱ्या बायकांनाही हाका मारून बोलावलं. सगळ्या गोळा झाल्या.

"अजून," बाई खुणेनं म्हणाल्या.

मी पदर खोचला. प्रत्येकीचा हात हातात घेऊन मुरड शिकवली. कुणाची सुटत होती, कुणाची जाड होत होती. कुणाची भाषा कुणाला कळत नव्हती आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. जेवायची घंटा झाली तेव्हा माझे हात कोपरापर्यंत पिठानं माखले होते, आणि बाहेर ताटं घेऊन शास्त्रज्ञ रांगेत उभे होते.