मागच्या वेळेबद्दल आभार

स्वीडन हा अख्खा देश एकट्याच्या बळावर उचलून महाड आणि पोलादपूरच्या मधोमध आणून ठेवणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो म्हणजे आमचे पी.टी.चे सर. आमच्या भागातली माणसं दहा-बारा वर्षं आखातात काढून येतात आणि पहिल्याच आठवड्यात लुंगी नेसून नाक्यावर अशी बसतात, की ती कधी बिरवाडीच्या पलीकडे गेली असतील असं कुणाला वाटू नये. सर मुलीकडे स्टॉकहोमजवळ राहिले ते जेमतेम तीन महिने. त्याला आता चार वर्षं होतील. ताप उतरतो, भूतही उतरतं, पण सरांचं स्वीडन उतरत नाही, असं आमच्या शाळेचे शिपाईमामा म्हणतात, आणि त्यांना पहिल्या दोन्हींचा अनुभव आहे.

तिकडे भेटल्यावर 'हेय' म्हणतात आणि निरोप घेताना 'हेय हेय'. सरांनी आल्या दिवसापासून हे सुरू केलं. उजवा हात खांद्याच्या वर, पंजा उघडा, आणि ज्या आवाजावर शाळेने तीस वर्षं कवायत केली त्या आवाजात खणखणीत 'हेय'. पोलादपूरच्या बाजारात त्यांनी पहिल्यांदा 'हेय हेय' केलं तेव्हा रस्त्यात बसलेल्या दोन गाई उठून बाजूला झाल्या आणि भाजीवाली म्हणाली, "सर, तुमी गुरं कदी घेतलीत?" तिकडे चारला बोलावलेला माणूस चारलाच बेल वाजवतो, लवकर पोचला तर बाहेर फेऱ्या मारतो. म्हणून सर एका लग्नाला पत्रिकेतल्या मुहूर्तावर, बारा वाजून सतरा मिनिटांनी, मांडवात शिरले. मांडवात ते आणि स्पीकरवाला. नवरदेव अजून आंबेनळी घाटात होता. सरांनी स्पीकरवाल्याला 'हेय' केलं, रिकाम्या चौरंगावर अक्षता टाकल्या आणि घरी निघून आले. तिकडे रांगेत नंबराची चिठ्ठी घेतात, म्हणून महाडच्या एसटी स्टँडवर त्यांनी वहीची पानं फाडून नंबर लिहिले आणि पोलादपूर गाडीसाठी थांबलेल्यांना वाटले. लोकांनी ते घेतले. फुकट मिळालेलं आमच्याकडे कुणी परत देत नाही. गाडी लागल्यावर सगळे चिठ्ठी मुठीत धरून नेहमीसारखे दारावर तुटून पडले. एका आजीने आपली चार नंबरची चिठ्ठी कंडक्टरच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "आजी, तुमचं तिकीट हाफ हाय, पन येवढं पन हाफ नाय." एक नंबर सरांकडे होता. ते पुढच्या माणसापासून तिकडच्या रीतीप्रमाणे दीड हात अंतर ठेवून उभे राहिले, त्या दीड हातात अकरा माणसं शिरली, आणि गाडी गेली.

पण हे सर स्वीडनला जाण्यापूर्वी कसे होते ते सांगितल्याशिवाय यातली गंमत कळणार नाही. शाळेत त्यांचं नाव होतं फोक सर. रोज सकाळी ते शाळेमागच्या ओढ्यावरून निरगुडीचा हिरवा फोक तोडून आणत. कालचा शिळा फोक आज कधी वापरला नाही, इतका माणूस ताज्याचा भोक्ता. उशीर झाला तर एक, नखं वाढली तर एक, गृहपाठ नसला तर दोन, आणि मारामारी केली तर चार. म्हणजे एकमेकांना मारू नये हे मुलांना कळावं म्हणून ते मुलांना चार वेळा मारत, आणि यात काही विचित्र आहे असं शाळेत कुणालाही वाटत नसे. त्यांची मुलगी त्याच शाळेत होती, माझ्यापुढे चार वर्षं. मास्तराची मुलगी म्हणून तिला सूट नाही हे दिसावं, यासाठी तिला दोन जास्त.

मी आठवीत असताना एकाला जेवणाचा डबा फेकून मारला आणि सरांचे चार खाल्ले. दुसऱ्या दिवशी माझी आई वाडीवरून सहा किलोमीटर चालत शाळेत आली. मला वाटलं भांडायला आली. ती सरांना म्हणाली, "अजून चार द्या, पन त्याला मानसात आना." सरांनी ते मनावर घेतलं. पुढे मी आमच्या वाडीतला पहिला पदवीधर झालो, बी.एड. झालो, आणि आज त्याच शाळेत मराठी शिकवतो. दर शिक्षकदिनाला मी ते चार फोक भाषणात सांगतो. 'वळ गेले, संस्कार राहिले' हे माझं वाक्य आहे. त्याला टाळ्या पडल्या नाहीत असं एकदाही झालेलं नाही.

सरांना स्वीडन नेमकं कुठून लागलं, ते त्यांनी मला एकदा गाडीत सांगितलं. नात तेव्हा पाच वर्षांची. एका सकाळी तिने लापशीचा वाडगा मुद्दाम जमिनीवर ओतला आणि आजोबांकडे बघून हसली. सरांचा हात वर गेला. मारला नाही, नुसता गेला. तीस वर्षांची सवय. नातीने त्या हाताकडे पाहिलं, उडी मारली आणि खणकन टाळी दिली. त्या देशात पोटच्या पोरालाही मारायला कायद्याने बंदी आहे. तिच्यावर जन्मात कुणी हात उचलला नव्हता, त्यामुळे वर गेलेल्या हाताचा आणखी काही अर्थ असतो हे तिला ठाऊकच नव्हतं. ओट्याशी मात्र तिची आई उभी होती. वयाने पस्तिशी ओलांडलेली, मोठ्या हुद्द्यावरची बाई. तिने हात वर गेलेला पाहिला आणि डोळे मिटून मान खांद्यात घातली.

"अरे, मी तिच्यापासून दहा फुटांवर होतो," सर म्हणाले. पोलादपूरला उतरताना त्यांनी उरलेलं सांगितलं. निघायच्या दिवशी मुलगी म्हणाली होती, "बाबा, हिला महाडला आणायची की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही."

सरांना नात ती एकच. तेव्हा त्यांनी आधी स्वतः स्वीडिश व्हायचं ठरवलं, आणि वेळ उरला म्हणून मग आम्हालाही करायला घेतलं.

संधीही लवकरच आली. आमच्या नववीतल्या एका मुलाने दुसऱ्याच्या कपाळावर स्टीलची पाण्याची बाटली घातली. चार टाके पडले. वरून परिपत्रक आलं, विद्यार्थी सुरक्षा समिती नेमा, तीत एक निवृत्त शिक्षक घ्या. मुख्याध्यापिका बाईंनी सरांना विचारलं; स्टाफतर्फे मी होतोच. आमचा स्टाफ खूश झाला. सगळ्यांना वाटलं, चला, फोक परत आला. सर पहिल्या बैठकीला मिनिटावर आले, चप्पल काढून आत बसले, आणि म्हणाले की आजपासून मारामारी केलेल्या मुलांना समोरासमोर बसवून फिका द्यायचा. तिकडे सकाळी माणसं काम थांबवून कॉफी आणि काहीतरी गोड घेऊन गप्पा मारतात, त्याला फिका म्हणतात. आमच्या शिपाईमामांनी दोन कप बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा आणून ठेवला. फिका म्हणजे याहून फिका त्यांना करता येत नव्हता.

चहाचं पुढे सुधारलं, बिस्किटं आली, आणि पंधरा दिवसांत शाळेतल्या मारामाऱ्या दुप्पट झाल्या. सातवीतले दोन जिवलग मित्र एकमेकांच्या गळ्यात हात घालून समितीपुढे आले आणि म्हणाले, "सर, आमची मारामारी झाली हाय." कधी झाली, तर "आता होईल." सरांनी त्यांनाही बसवलं. मग पालक आले. एका बापाने टेबलावर हात टेकून विचारलं, "आमच्या पोराला तुमी साधा हात पन लावत नाय. आमी वाडीवरचे म्हनून का?" न मारणं म्हणजे दुर्लक्ष करणं, हे आमच्याकडे इतकं पक्कं आहे. त्यांनी त्यालाही फिका दिला.

सगळ्यात मोठा घोटाळा आभारांचा झाला. तिकडे माणूस पुन्हा भेटला की आधी मागच्या भेटीबद्दल त्याचे आभार मानायचे, अशी रीत आहे. सरांनी ती इथे कडक पाळली. दाढ काढणाऱ्या डॉक्टरांना मागच्या वेळेबद्दल आभार. न्हाव्याला आभार. ज्याची शेवटची भेट बायकोच्या तेराव्याला झाली होती, त्या बिचाऱ्याला भर बाजारात, "मागच्या वेळेबद्दल आभार हं, छान जमलं होतं सगळं." पुढे त्यांनी नियमच केला की भांडलेल्या मुलांनी दुसऱ्या दिवशी एकमेकांना हे वाक्य म्हणायचं. मुलांनी ते उत्साहाने उचललं. आठवडाभरात मैदानावर ऐकू येऊ लागलं, "थांब तू, शाळा सुटल्यावर तुजं आभार मानतो." दहावीतला एकजण नाकाला रुमाल लावून वर्गात आला. काय झालं विचारलं, तर म्हणाला, "आभार मानले, सर."

आम्ही स्टाफरूममध्ये पोट धरून हसलो. मीही हसलो. एक गोष्ट मात्र तेव्हा आमच्यापैकी कुणी मोजली नाही. त्या बाटलीवाल्या मुलाला सरांनी चार दिवस रोज फिक्याला बसवलं आणि नुसतं ऐकलं. तो बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा. घरी हिंदी बोलणारा. वर्गात दोन वर्षं त्याच्या बोलण्याची नक्कल चालली होती आणि त्या नकलेला त्याचे शिक्षकही हसत होते. हे त्याने पाचव्या बिस्किटाला सांगितलं. नंतर त्याने पुन्हा कुणावर बाटली उचलली नाही. ते शिक्षक कोण, हे सरांनी समितीत सांगितलं नाही. माझ्याकडे फक्त बिस्किटांची बशी सरकवली.

गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मुलगी नातीला घेऊन महाडला आली. आठ दिवसांसाठी, बघू म्हणून. नेमकं त्याच आठवड्यात शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि आम्ही माजी विद्यार्थ्यांनी सरांचा सत्कार ठरवला होता. त्याची जबाबदारी माझ्यावर होती, आणि मी ती मनापासून पार पाडली. आमच्याकडे मनापासून केलेल्या गोष्टींनीच जास्त नुकसान होतं. शाल, श्रीफळ ठरलेलंच होतं. त्यात काही जिव्हाळ्याचं असावं म्हणून मी पहाटे ओढ्यावर गेलो, निरगुडीचा चांगला सरळ, हिरवा फोक निवडला, आणि त्याला लाल-सोनेरी रिबीन बांधली.

मुलगी आणि नात पहिल्या रांगेत होत्या. भाषणं सुरू झाली. एकाने सरांनी पायावर उठवलेले वळ सांगितले, दुसऱ्याने करंगळी दाखवली, ती अजून पूर्ण मिटत नाही, म्हणाला, आणि सगळे प्रेमाने हसले. शेवटी मी उभा राहिलो. चार फोक सांगितले, आई सांगितली, 'वळ गेले, संस्कार राहिले' म्हणालो, टाळ्या घेतल्या, आणि तो रिबीन बांधलेला फोक दोन्ही हातांनी सरांपुढे धरला.

सरांनी तो घेतला नाही. त्यांनी पहिल्या रांगेत पाहिलं. मुलगी मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होती. सरांनी माईक हातात घेतला. तीस वर्षांत प्रथमच त्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला नसेल.

"तू माराने शिकला नाहीस रे," ते मला म्हणाले. "मार खाऊनसुद्धा शिकलास. तुझी आई सहा किलोमीटर चालली, ते तिचं. अभ्यास केलास, ते तुझं. यात माझे फक्त ते चार आहेत, आणि त्यांचे आभार तुम्ही मानू नका."

तेवढ्यात नात धावत स्टेजवर आली आणि माझ्या हातातला फोक घेऊन तिने आपल्या मोडक्या मराठीत विचारलं, "याची पिसं कुठे आहेत?"

तिच्या आईने नंतर सांगितलं की तिकडे वसंत ऋतूत घरोघरी काटक्यांना रंगीत पिसं बांधून ठेवतात. फार पूर्वी म्हणे त्याच काटक्यांनी पोरांना मारत असत. मग कधीतरी लोकांनी त्यांना पिसं बांधली आणि मारणं विसरून गेले. दुसऱ्या दिवशी सर शेजाऱ्यांच्या खुराड्यामागे पिसं गोळा करत होते, नात त्यांच्या पाठीमागे, आणि मुलगी ओसरीवरून बघत होती. आठ दिवसांचे सोळा झाले. जाताना ती म्हणाली की मे महिन्यात हिला महिनाभर ठेवीन. सरांनी मे महिन्याच्या उन्हाबद्दल नातीला काही सांगितलं नाही.

त्यानंतर मी सरांना टाळत होतो. शिक्षकदिनाचं माझं भाषण कायमचं गेलं होतं, आणि त्या जागी काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नव्हतं. मार्चमध्ये एका संध्याकाळी चवदार तळ्याच्या कठड्याशी ते अचानक समोर आले. सवयीप्रमाणे त्यांचा हात वर गेला, पंजा उघडा, आणि ते 'हेय' म्हणणार, एवढ्यात माझी मान आपोआप खांद्यात गेली. डोळेही मिटले असावेत. वळ गेले म्हणून मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो.

डोळे उघडले तेव्हा सरांचा हात तसाच वर होता. तो खाली कसा घ्यावा ते त्यांना कळत नव्हतं. "मागच्या वेळेबद्दल..." असं ते म्हणाले आणि थांबले. पुढचा शब्द त्यांना येत होता, पण तो या जागी चालणारा नव्हता.

मी पुढे झालो आणि त्या हातावर टाळी दिली. ती जरा जोरात बसली. सरांनी तळवा चोळत माझ्याकडे पाहिलं.

"ही मागच्या वेळेची का रे?"

"नाही, सर," मी म्हणालो. "ही आजची."

ते बहुतेक खरं होतं.