भिंतीच्या गाद्या

शहाद्यात मी अहिराणी गाण्यांच्या रेकॉर्डिंगसाठी पहिली खोली भाड्याने घेतली, तेव्हा तिच्यात नुसतं खोकलं तरी आवाज घुमायचा. म्हणून गादीवाल्याला बोलावलं. म्हातारा माणूस, दाढीत कापसाचे तंतू अडकलेले. गाद्या भिंतींना ठोकायच्या आहेत म्हटल्यावर त्याने हातातली सुई खाली ठेवली.

"ताई, भीत झोपस का?"

भिंत झोपत नाही, आवाज घुमू नये म्हणून गाद्या हव्यात, असं मी समजावलं, पण त्याला ते पटलं नाही. तरी कापूस मात्र त्याने मन लावून पिंजला. प्रत्येक गादी शिवून झाली की तिच्यावर तळहात दाबून बघायचा, जणू तिच्यावर कुणाची तरी पाठ टेकणार होती.

शेवटची गादी ठोकल्यावर तो खोलीच्या मधोमध उभा राहून खोकला. थांबला. पुन्हा खोकला. मग हळूच म्हणाला, "आते खोली आयकी ऱ्हायनी." खरंच, खोली आता ऐकत होती.

चाचणीसाठी लावलेला माईक चालूच होता. माझ्या स्टुडिओतलं ते पहिलं रेकॉर्डिंग. त्याचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं.

एखादी नवखी बाई माईकसमोर घाबरली, की मी तिला तो खोकला आणि ते वाक्य ऐकवते. ती हसते, घसा साफ करते आणि गायला लागते.