उलथण्याच्या ठेक्यावर

सिंधीपुऱ्यातल्या सुनंदाबाई ओट्यावर उलथणं आपटायला लागल्या की शेजारणी ओळखत, कुणाचं तरी लग्न ठरलंय. दोन्ही घरांची नावं गुंफून मंगलाष्टकं रचायची आणि अंतरपाटाशी उभं राहून स्वतः म्हणायची, हा त्यांचा तरुणपणापासूनचा नाद. उलथण्याचा ठेका अडखळला की ओळ बाद. मग भाजी करपली तरी बेहत्तर.

यंदा लग्न होतं भाचीचं, पल्लवीचं. मंगलाष्टकांचा कागद वराकडे बहादरपूरला गेला आणि लगोलग वराचे काका निरंजनराव मोबाइल नाचवत दारात हजर.

"ताई, हे तुमचं नाही. एआयनं लिहिलंय."

"काय?"

"मी नाही बोलत, ॲप बोलतंय! मागच्या लग्नात आमची फजिती झाली ना. कुणीतरी मोबाइलवर मंगलाष्टक बनवून आणलं, तर आपल्या तापीच्या जागी गोदावरी! पूरा मांडव हसला. तेव्हापासून चेक केल्याशिवाय मी काही घेत नाही."

"माझ्यात कुठं दिसली तुम्हाला गोदावरी?"

"तेच तर! एक गलती नाही. एकदम साफ, मोजून-मापून. माणूस असं लिहितो का?"

सुनंदाबाईंची कानशिलं तापली. "अहो, वृत्त मोजूनच बांधतात! ऐका." आणि त्यांनी दाराच्या फळीवर बोटांनी ठेका धरला:

"केळीच्या पदरी जसे घड दिसे, तैसी सुखे लाभु दे…"

"बघा, मशीनसारखंच वाटतंय," निरंजनराव म्हणाले.

पल्लवीचे वडील अनंतदादा मध्ये पडले. "जाऊ दे ना सुनंदा. मुलीकडचे आपण. थोडं बिघडव, ॲप पास करेल, विषय खतम."

"बिघडवू? तू माझा सख्खा भाऊ ना रे?"

दादांनी पेन पुढं केलं. आतल्या दाराशी पल्लवी उभी, चेहरा पांढराफटक. तिच्याकडे बघून सुनंदाबाईंनी दात आवळले, पेन घेतलं आणि लिहिलं: केळीच्या झाडाला जसे घड लागतात तशी सुखं तुम्हाला लागोत.

निरंजनरावांनी ओळ मोबाइलमध्ये टाकली आणि मांडीवर थाप मारली. "वा ताई! पास! बघा, आता कसं दिलातून आलं!"

'दिलातून' हा शब्द सुनंदाबाईंना थोबाडीत बसल्यासारखा लागला. लग्नापर्यंत ओट्यावर उलथणं वाजलं नाही.

मांडवात अंतरपाट धरला गेला. सुनंदाबाईंनी माइक घेतला, मोडक्या ओळींचा कागद चुरगाळून कमरेला खोचला आणि माइकच्या दांडीवर बोटं आपटली. टक्, टक्, टक्.

"सुनंदा!" दादांनी मागून पदर ओढला.

त्यांनी तो हिसकावून घेतला आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "केळीच्या पदरी जसे घड दिसे…"

'सावधान' झालं. अक्षतांचा सडा पडला. पहिल्या रांगेतल्या निरंजनरावांची मूठ मात्र मिटलेलीच.

"ताई, ठरलं वेगळं होतं!" ते तिथूनच ओरडले.

"ठरलं नव्हतं, तुम्ही ठरवलं होतं!" माइक चालूच होता. सगळा मांडव वळला. "ही ओळ माझी आहे. तुमच्या मोबाइलला पटो न पटो. आता विचारा त्याला, ही चिडलेली बाई आहे का मशीन!"

कुणीतरी खुसकन हसलं. निरंजनराव लालबुंद झाले.

"आणि त्या मुठीतल्या अक्षता टाका आधी. त्या माझ्यासाठी नाहीत, पोरीसाठी आहेत. पुढची ओळ अडलीय माझी."

निरंजनरावांची मूठ उघडेपर्यंत सुनंदाबाई दांडीवर ठेका धरून उभ्या राहिल्या.