चंद्रहासमामांची झारी

कॉलेजात कुणी ‘चुरीसाहेब’ अशी हाक मारली, की चंद्रहास चुरी मागे वळून बघायचे, आपल्यामागे आणखी कुणी साहेब उभे आहेत की काय म्हणून. सगळ्यांचे ते मामा. वसईतल्या एका पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये ते सुतारकाम शिकवायचे, आणि त्याहून जास्त मन लावून मुलांचा माज उतरवायचे. त्यासाठी त्यांच्याकडे एक पत्र्याची झारी होती. वडिलांच्या पानवेलीच्या वाडीतली, तोंडाला बारीक भोकांची चाळणी असलेली, कडीला दोनदा डाग दिलेली. दरवर्षी जानेवारीत इमारतींच्या आराखड्यांची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा यायची. मुलं मॉडेलं करायची, आणि मॉडेल पुरं झालं की मामा नळावर जाऊन झारी भरून आणायचे.

“वसईत घर बांधताय ना?” ते विचारायचे. “मग पाऊस बघून घ्या.”

आणि झारी वरून धरायचे. थर्माकोलच्या भिंती सुटायच्या, पुठ्ठ्याचे छज्जे माना टाकायचे. एका वर्षी तर एका पोराच्या इमारतीचा अख्खा तिसरा मजला तरंगत टेबलावरून खाली उतरला. मुलं चिडायची, एखादी मुसमुसायचीही. एका प्राध्यापकांनी प्राचार्यांकडे तक्रार केली. प्राचार्य शहानिशा करायला आले, तर मामांनी झारी त्यांच्याच हातात दिली. त्यानंतर ती तक्रार कुठे गेली ते कुणाला कळलं नाही.

मामा वाडीवाल्यांच्या घरातले. पण त्यांचा हात मातीपेक्षा लाकडात रमायचा. चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या बावखलावरच्या रहाटाचा मोडलेला दांडा एकट्याने बसवला होता, आणि तो किती वर्षं टिकला हे ते कुणी न विचारता सांगायचे. बावखल म्हणजे वाडीतलं लहानसं तळं. पावसाचं पाणी चारी बाजूंनी त्यात उतरायचं, हळूहळू जमिनीत मुरायचं आणि आसपासच्या विहिरी उन्हाळाभर गोड ठेवायचं. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही वसईच्या विहिरींना गोड पाणी असायचं, त्यात या बावखलांचा मोठा वाटा होता. नव्वद सालानंतर एकामागून एक बावखलं भराव घालून बुजली, वर बिल्डिंगी उठल्या, आणि विहिरी मचूळ होत गेल्या.

या विषयावर मामांचं एक ठरलेलं भाषण होतं. रंधा मारता मारता ते द्यायचे. त्यात बिल्डर असायचे, टँकरवाले असायचे, जमिनीला भोकं पाडणारे बोअरिंगवाले असायचे आणि स्वतःची बावखलं स्वतःच बुजवणारे आंधळे वाडीवालेही असायचे. भाषण फर्डं होतं. त्यात फक्त एक माणूस कधीच येत नसे.

दोन हजार चार सालची स्पर्धा जरा वेगळी निघाली. बारा कुटुंबांची इमारत करायची, खऱ्याखुऱ्या जागेवर, आणि तिला मे महिन्यातही टँकर लागता कामा नये, अशी अट होती. कॉलेजकडून चौघांचा संघ ठरला आणि संपदा त्यांची म्होरकी झाली. ती तुळिंजच्या एका बिल्डिंगमध्ये राहायची, जिथे टँकर आला की माणसं हातातला घास टाकून जिना उतरत. अंघोळीला किती तांबे पुरतात याचा हिशेब तिला सहावीपासून तोंडपाठ होता, त्यामुळे ही स्पर्धा तिने जिवावरच घेतली. तिच्या जोडीला माणिकपूरचा एडवर्ड होता, हात सोन्यासारखा आणि डोकं सदा आडवाटेने पळणारं.

संपदाने जागा निवडली ती मामांच्याच आळीतली, त्यांच्या घरासमोरचा मोकळा तुकडा. दोन रविवार मुलांनी मोजणीची दुर्बीण लावून साऱ्या आळीतले चढउतार मोजले आणि लेव्हल बुकात उतरवले. मामांच्या पत्नी विमलाबाईंनी त्यांना चहा दिला. चहाचं पाणी त्या आळीच्या तोंडाशी राहणाऱ्या रंभाकाकूंच्या विहिरीवरून कळशीने आणत होत्या, हे संपदाने पाहिलं.

मॉडेलचा पाया मामांनी केला. पातळ प्लायचे थर एकावर एक चिकटवून त्यांनी अख्खी आळी उभी केली, वर तीन हात वॉर्निश मारलं. शेजारपाजारची घरं पांगाऱ्याच्या साध्या लाकडाची. स्वतःचं मात्र त्यांनी शिसवीच्या तुकड्यातून कोरलं, गॅलरीच्या कठड्यासकट. एडवर्डने डोळा मारला, तेव्हा मामा म्हणाले की ज्याच्या हातात पटाशी असते त्याचं घर शिसवीचं असतं.

स्पर्धेला आठ दिवस उरले असताना झारीची पाळी आली. इमारत उत्तम टिकली. छपरावरचं पाणी पन्हाळीतून खाली आलं, आळीतलं पाणी वाहू लागलं. आता ते सगळं संपदाने आखलेल्या शोषखड्ड्यात जाऊन मुरायचं होतं. पण पाणी त्या खड्ड्याकडे फिरकलंच नाही. चारी बाजूंनी ते शिसवीच्या घराच्या अंगणाशी आलं, बंद दारापुढे पाहुणे थबकावेत तसं क्षणभर उभं राहिलं, मग वळसा घालून आळीतून उतरलं आणि टेबलाच्या कडेवरून फरशीवर पडलं.

मुलांनी तीनदा पाणी ओतलं आणि तिन्ही वेळा तेच झालं. संपदाने लेव्हल बुक काढून आकडे पुन्हा ताडून पाहिले. आकडे बरोबर होते.

“मामा,” ती म्हणाली, “तुमचं अंगण आजूबाजूपेक्षा दोन फूट उंच कसं?”

“भराव आहे.”

“कशावर?”

“जमिनीवर. आणखी कशावर असणार?” असं म्हणून मामा झारी विसळायला नळावर गेले. झारी पाण्याचीच, तिला विसळायची काही गरज नव्हती.

खरं ते असं होतं. ब्याण्णव साली मामांनी स्लॅबचं नवं घर बांधलं. नव्या घरापुढे फरसबंद अंगण हवं होतं, आणि घरापुढे तर बावखल. एका पाडकामाचा राडारोडा फुकट मिळत होता. मामांनी तो आणून ओतला. रहाटाच्या लाकडाचा झोपाळा केला. सगळी वसई तेच करत होती, आणि लोकांनी अंगणाचं कौतुकही केलं. विमलाबाईंनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, की विहिरीला विचारलंत का. मामा हसले होते. पाच वर्षांनी परसातली विहीर मचूळ झाली. तिच्या पाण्यात डाळ शिजेना. विमलाबाईंनी कळशी उचलली आणि रंभाकाकूंच्या विहिरीची वाट धरली. मामांनी बिल्डरांवरचं भाषण रचलं ते त्याच सुमारास.

आता प्रश्न होता तो मॉडेलचा. एडवर्डने एक आडवाट सुचवली. अंगणालगतच्या आळीचा उतार कानशीने जरासा घासला, तर पाणी शोषखड्ड्याकडे वळेल, आणि परीक्षकांना काय कळणार. मामांनी कानस घेतली. अर्ध्या तासाचं काम होतं, आणि त्यांच्या हाताला तर त्याहून कमी वेळ लागला. पुन्हा वॉर्निश मारलं, वाळू दिलं आणि झारी धरली. पाणी शहाण्यासारखं खड्ड्यात गेलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

संपदाने वाजवल्या नाहीत. ती लेव्हल बुक मिटून म्हणाली, “मामा, हे झारीतून पास झालं. पण लेव्हल बुकातून नापास आहे.”

मामा तडकले. तुम्ही स्पर्धेला बुक घेऊन जाणार की मॉडेल, असं विचारून त्यांनी हत्यारं आवरली आणि वेळेआधीच घरी निघाले. रस्ताभर ते त्या पोरीवर चरफडत होते. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी नापास केलं नव्हतं.

आळीच्या तोंडाशी विमलाबाई दिसल्या. डोक्यावर कळशी, काखेत दुसरी. हे चित्र मामांनी सात वर्षं रोज पाहिलं होतं, म्हणजे पाहिलंच नव्हतं. आज ते त्यांच्या मागून चालत राहिले. बाई दर वीस पावलांवर काखेतली कळशी सावरायला थांबत होत्या. घराच्या पायरीशी मामांनी विचारलं, दिवसाला किती खेपा होतात. आठ, असं उत्तर आलं. मामांना वाटलं होतं दोन-तीन असतील.

“बावखल मी बुजवलं,” मामा म्हणाले. बारा वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं.

विमलाबाईंनी कळशी ओट्यावर टेकवली. “मला काय सांगता? मी तिथंच होते. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांगा.”

दुसऱ्या दिवशी मुलं वर्कशॉपमध्ये आली तेव्हा मामा आधीच येऊन बसले होते. टेबलावर प्लायच्या ढलप्यांचा ढीग होता. शिसवीच्या घरापुढचं अंगण पटाशीने खोल कोरून काढलेलं होतं, जुन्या बावखलाच्या नेमक्या आकारात. पूर्वेच्या बाजूला चार पायऱ्या आणि रहाटाच्या खांबांसाठी दोन खाचासुद्धा होत्या. कालचा घासलेला उतार त्यांनी पुन्हा पट्टी चिकटवून होता तसा केला होता.

“माझ्या भाषणात एक माणूस येत नव्हता,” ते म्हणाले. “तो हा.” आणि त्यांनी सगळं सांगितलं, काही न वगळता, फुकटच्या राडारोड्यासकट. सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, फक्त नजर टेबलावर होती. एडवर्डने ढलप्या गोळा केल्या. संपदाने शोषखड्डा नकाशावरून खोडला आणि उरलेल्या सात दिवसांत सगळा आराखडा बावखलाभोवती नव्याने मांडला. बारा कुटुंबांच्या छपरांचं पाणी आता शेजाऱ्याच्या तळ्यात उतरणार होतं, आणि त्या तळ्याच्या जिवावर दोघांच्याही विहिरी भरणार होत्या.

स्पर्धा मुंबईला होती. मॉडेल टेम्पोतून नेलं, आणि त्याला धक्का लागू नये म्हणून मामा मागे मॉडेलशेजारी बसून गेले, मांडीवर झारी घेऊन. परीक्षक तिघं होते. संपदाने न अडखळता सगळं समजावलं. मग कपाळावर चष्मा चढवलेल्या एका परीक्षकांनी त्या कोरलेल्या अंगणावर बोट ठेवलं. कागदावर शेजाऱ्याचं अंगण खणणं सोपं असतं, ते म्हणाले. हा मालक ते देणार आहे का?

मामांनी चूक कबूल केली होती, पण अंगण देईन असं ते म्हणाले नव्हते आणि संपदाला विचारायचा धीर झाला नव्हता. खोटं ती बोलली नसती. तिने फक्त खाली पाहिलं.

वर्कशॉपच्या माणसांनी अशा ठिकाणी बोलायचं नसतं. त्यांनी खोकी उचलायची आणि भिंतीशी उभं राहायचं. मामा भिंतीपासून दोन पावलं पुढे आले.

“देणार आहे,” ते म्हणाले. “मालक मी आहे. भरावही मीच घातला होता.”

परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि विचारलं, कधी देणार.

“वैशाखात खणायला घेतो. जमीन कोरडी असते आणि पोरांना सुट्टी.” मग त्यांनी झारी परीक्षकांच्या हातात दिली. “तोवर पाऊस बघून घ्या.”

पाणी चारी बाजूंनी आलं, अंगणाशी थांबलं नाही, सरळ आत उतरलं. फरशीवर एक थेंब पडला नाही. संपदा तेव्हा हसली, आणि मामांना इतकं बरं वाटलं की त्यांनी खिशातला रुमाल काढून उगाचच टेबलाची कड पुसली.

बक्षीस दुसरं मिळालं. पहिलं सौरऊर्जेवर पंखा फिरवणाऱ्या मॉडेलला गेलं. पंखा गोल फिरतो म्हणून पहिला आला, हे मामा पुढे महिनाभर सांगत होते.

वैशाखात त्यांनी खरोखर खणायला घेतलं. आळीतले लोक कठड्याशी उभे राहून मजा बघत. सगळी दुनिया भराव घालतेय आणि हा शहाणा काढतोय, असं कुणी कुणी ऐकवलंही. मामांनी ऐकवणाऱ्याच्या हातात घमेलं दिलं. संपदा आणि एडवर्ड रोज यायचे. विटांचे तुकडे निघाले, फुटकी कौलं निघाली, कुणाच्या तरी मोरीची लादी निघाली. चौथ्या दिवशी एडवर्डची कुदळ दगडावर खणकन वाजली. ती पूर्वेची पायरी होती. विमलाबाई ओट्यावरून उतरल्या, त्यांनी पदराने पायरीवरची माती पुसली आणि तिथेच बसल्या.

त्या पावसाळ्यात बावखल काठोकाठ भरलं. पण पुढच्या उन्हाळ्यात विहीर मचूळच राहिली. मामा दर रविवारी ओंजळभर पाणी चाखायचे आणि तोंड वाकडं करून घरात यायचे. मग त्यांनी चाखणंही सोडलं. बारा वर्षांचा भराव एका पावसाळ्यात माफ होत नसतो, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. वर्कशॉपमधलं भाषण मात्र चालू राहिलं. आता ते ‘ब्याण्णव साली मी’ इथपासून सुरू व्हायचं आणि पूर्वीपेक्षा लांब झालं होतं. संपदा एका आर्किटेक्टकडे नोकरीला लागली होती, तरी जानेवारीत झारीच्या दिवशी सुट्टी टाकून यायची.

दोन हजार सहाचा एप्रिल. रविवारचं जेवण चाललं होतं. डाळ छान गळून आली होती. मामा पेलाभर पाणी प्यायले आणि म्हणाले, “रंभाच्या विहिरीचं पाणी यंदा बरं गोड लागतंय.”

विमलाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक पळी डाळ वाढली.

“रंभाकडे जायचं मी पाडव्यालाच सोडलं,” त्या म्हणाल्या.

मामांनी पेला खाली ठेवला. मग पुन्हा उचलला आणि तळाशी उरलेलं पाणी सावकाश पिऊन टाकलं.