सहावीतली गैरहजर मुलं

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्याच्यापासून लपवावं असं काही उरत नाही म्हणतात, पण हे मी लपवलं. तुम्हाला का सांगते आहे? तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच बहुधा.

मी साताऱ्याची. आयुष्यभर शिकवलं, आधी मुलांना, मग शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना. निवृत्त झाल्यावर शाळांच्या मूल्यमापनाची कामं यायला लागली. शाळेत जाऊन बसायचं, वर्ग बघायचे, मुलांकडून वाचून घ्यायचं, शिक्षकांशी बोलायचं आणि अहवाल लिहायचा. बाई खरं तेच लिहितात, असं लोक म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं — त्या सांगलीच्या शाळेपर्यंत.

शाळा पहिली ते आठवीची. इमारत महापालिकेची, पण चालवायला एका संस्थेकडे दिलेली. शिक्षक संस्थेचे, सगळे वर्षाच्या करारावर. मुलं हळदीच्या पेठेतल्या हमालांची, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायकांची. शाळा संस्थेकडेच ठेवायची की महापालिकेनं परत घ्यायची, हे बरंचसं माझ्या अहवालावर ठरणार होतं.

आणि संस्थेची शिक्षणप्रमुख होती ज्योत्स्ना. डी.एड.ला असताना आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो. एकमेकींच्या साड्या नेसायचो. माझं लग्न जमत नव्हतं तेव्हा माझ्या आईची समजूत घालायला हीच साताऱ्याला आली होती. मैत्रिणीच्या शाळेचं मूल्यमापन मी करायला नको होतं, हे मला तेव्हाच कळत नव्हतं का? कळत होतं. पण ती म्हणाली, तू आलीस तर निदान कुणी उगाच वाकडं लिहिणार नाही. मला त्यात माझंच कौतुक ऐकू आलं — आणि मी गेले.

पहिला दिवस छान गेला. कुठल्याही मुलाला उभं केलं की ते खडाखडा वाचायचं. मी खूश होते. इतकी खूश, की सहावीच्या वर्गात मागचे बाक रिकामे आहेत हे माझ्या डोळ्यांना दिसलं, पण मनापर्यंत पोचलं नाही. गणपती नुकतेच झाले होते, असतील पोरं गावाला.

दुसऱ्या दिवशी मी शिक्षकांना एकेक करून भेटले. प्रत्येकाला तेच सांगितलं, जे सगळ्या शाळांमध्ये सांगत आले — मोकळेपणी बोला, इथं बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही. सगळ्यांनी सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. शेवटी सहावीची वर्गशिक्षिका आली, प्रणाली. आष्ट्याहून रोज एसटीनं येणारी, नोकरीला लागून फार दिवस न झालेली. ती बसली, उठली, दार नीट लागलंय का बघून आली.

“मॅडम, माझ्या वर्गात पोरं कमी हायती. तुमच्या ध्यानात आलं का?”

मग तिनं सगळं सांगितलं. ज्यांना वाचता येत नाही, अशा मुलांना मी शाळेत असेपर्यंत घरी ठेवा म्हणून पालकांना निरोप गेले होते. तिच्या वर्गातल्या पालकांना तिनंच फोन केले होते, तिला करायला लावले होते. त्यातल्या काहींना ती शाळा सुटल्यावर थांबवून घेऊन बाराखडीपासून शिकवत होती. तिला एकटीला ते पुरं पडत नव्हतं.

“तुमी ती पोरं बघितलीच न्हाई, तर त्यांच्यासाठी जादा माणूस कोण देनार?” ती म्हणाली. मग पुन्हा दाराकडे बघून, “माझं नाव येनार न्हाई न्हवं?”

मी तिच्या हातावर हात ठेवला. म्हणाले, नाही येणार.

त्या संध्याकाळी ज्योत्स्नाकडे जेवायला होते. तिनं भरली वांगी केली होती, मला आवडतात म्हणून. माझ्या मैत्रिणीनं मला फसवलं होतं. मला — जिच्यापाशी ती एका पेपरात नापास झाल्यावर रडली होती. परक्या माणसापुढं हे नाटक केलं असतं तर समजण्यासारखं होतं, पण माझ्यापुढं? मी ताट सरकवून तिला विचारलंच.

ती आधी हसली. मग म्हणाली, असं काही झालेलंच नाही. मग तिचा चेहरा उतरला. कुणीतरी काहीतरी कानात ओतलं आणि तू माझ्यावर संशय घेतलास, इतकीच का आपली ओळख, असं म्हणून ती रडायला लागली. खरंच रडत होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

इथं मी गप्प बसू शकले असते. रिकामे बाक मी स्वतः पाहिले होते. हजेरीपट मागवता आला असता. मी माझ्या डोळ्यांच्या जोरावर बोलते आहे, एवढं म्हणणं पुरेसं होतं. मग का नाही म्हणाले? मला तिच्या नजरेत वाईट व्हायचं नव्हतं. मी मनाचं रचून बोलत नाही, हे तिला पटवायचं होतं.

“कुणी सांगितलं तुला?” तिनं विचारलं. “मी कुणालाही काही करणार नाही. तुझी शपथ.”

आणि मी सांगितलं. तोंडातून निसटलं वगैरे काही नाही — प्रणालीचं नाव मी नीट, पूर्ण घेतलं.

अहवालात मी लिहिलं, मूल्यमापनाच्या वेळी काही विद्यार्थी गैरहजर होते. बास. शाळा संस्थेकडेच राहिली. त्या मुलांसाठी जादा माणूस कुणी दिला नाही, कारण ती मुलं अहवालात कुठं दिसलीच नाहीत. उन्हाळ्यात करार नवे झाले, त्यात प्रणालीचा झाला नाही. मी ज्योत्स्नाला फोन केला, तर ती म्हणाली, तो निर्णय वरचा आहे गं, माझ्या हातात काही नव्हतं. तिनं माझी शपथ घेतली होती. त्यानंतर मी तिच्याशी बोलले नाही. पण तिनं मला दगा दिला असं म्हणायला गेले की तो शब्द माझ्यावरच उलटतो. मी काय केलं होतं?

पुढचं याहून वाईट आहे.

जूनमध्ये प्रणाली साताऱ्याला माझ्या घरी आली. सोबत घरच्या शेंगा आणल्या होत्या. कामावरून काढलं याचं दुःख होतंच, पण ती रडली ते शुभांगीसाठी. शुभांगी म्हणजे पाचवीची शिक्षिका. दोघी एकत्र डबा खायच्या, एकमेकींकडे मुक्कामाला जायच्या.

“मी दोगींनाच बोलले हुते, मॅडम. तुमास्नी आन् शुभीला. तुमी तर सांगनार न्हाई.”

मी काय म्हणाले असेन? नुसती गप्प राहिले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “माणसं ओळखता येत नाहीत गं.”

ती मान हलवत राहिली.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं आष्ट्यात. बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, आणि तिनं मला पुढं बोलावून सासूबाईंना सांगितलं की या माझ्या मॅडम, सगळे उलटले तरी या माझ्या पाठीशी राहिल्या. सासूबाई माझ्या पाया पडल्या. मी पडू दिलं. शुभांगीला आमंत्रण नव्हतं.

शुभांगी मला परवा भेटली, सांगलीच्या स्टँडवर. मीच ओळखलं नाही, तिनं हाक मारली. इकडचं तिकडचं बोलून झालं, माझी गाडी लागली, तरी ती निघेना. शेवटी म्हणाली, “प्रणाली माझा फोन उचलत न्हाई. लग्नाला बी बोलावलं न्हाई. मी काय केलं तेच मला कळंना. तुमच्यापाशी काय बोलली का ती?”

मी म्हणाले, नाही, मला काही बोलली नाही. आणि गाडीत चढले.

नाव मी सांगितलं होतं, शुभांगीनं नाही. हे त्या दोघींना सांगायला हवं होतं, आणि मी ते तुम्हाला सांगितलं आहे.