शू सरांची पिशवी

शाळेत सरांचा आवाज मैदान ओलांडून बसथांब्यापर्यंत जायचा. जंगलात मात्र त्यांच्या तोंडून एकच शब्द निघे, "शूऽऽ!" म्हणून आम्ही त्यांना शू सर म्हणायचो. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, केडगावला राहणारे, आणि महिन्यातून एका रविवारी आम्हा सहा जुन्या विद्यार्थ्यांना जीपमध्ये कोंबून जिल्ह्याच्या पार पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या कड्यांवर नेणारे. तिथं जमीन एकदम संपते आणि खाली कोकण सुरू होतं. "ती चकाकती रेघ दिसते का? समुद्र आहे तो," सर म्हणत. आम्हाला अकरा वर्षांत एकदाही दिसला नाही. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "चष्मा बदला."

शेवटच्या वाडीत ठकूबाईंच्या अंगणात चहा झाला की सर खांद्यावरची कापडी पिशवी पुढं करत. सगळ्यांचे मोबाईल तिच्यात आणि पिशवी ठकूबाईंच्या घरातल्या खुंटीला. "फोटो निघाला की जागा कळते, जागा कळली की माणसं येतात. डोळे दिलेत ना देवानं? ते वापरा." आम्ही कुरकुरायचो, पण शेकरूच्या शेपटीचा रंग परतताना प्रत्येकाला पाठ असायचा.

वाट अशी उभी, की पुढच्याच्या टाचा आपल्या नाकासमोर. एकदा माझा पाय घसरला, गुडघा फुटला. सरांनी मनगट घट्ट धरलं आणि कानात काय म्हणावं? "ओरडू नकोस, समोर भेकर आहे." मी ओढणी दातात धरून बसले! भेकर निवांत पानं खात होतं, आणि रक्त पुसायच्या आधी मी ते पोटभर बघून घेतलं. या माणसावर माझा आईबापाइतका विश्वास होता.

गेल्या हिवाळ्यात बाकीचे दम खात बसले असताना त्यांनी मला एकटीला कड्याच्या काठाशी पालथं व्हायला सांगितलं. खाली कपारीत गिधाडाचं घरटं, आणि त्यात पिसं फुटू लागलेलं पिल्लू. सर माझ्या मागेच उभे होते. "वर्षाला एकच अंडं घालते ही. कुणाला सांगायचं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही."

नाही सांगितलं. पोटात मावत नव्हतं, तरी नाही.

पंधरा दिवसांनी नवऱ्यानंच मोबाईल माझ्यापुढं धरला. "ही पालथी पडलेली, निळ्या टोपीवाली, तूच ना गं?" मीच होते. माझ्या टोपीवरून कॅमेरा कपारीत उतरत होता, पिल्लावर थांबत होता. खाली कड्याचं नाव, वाडीपासूनची वाट, आणि सरांचं नाव. आमचे मोबाईल खुंटीला होते. सरांचा त्यांच्या खिशात होता.

रविवारी मी एकटीच गेले. वाडीत गाड्याच गाड्या, कड्यावर आरडाओरडा, वर ड्रोनची घरघर. कपार रिकामी. ठकूबाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या. "त्या मशिनीला भिऊन पिल्लू खाली पडलं, बाई. त्याची आय तीन दिस वर फिरत हुती. आन् वाट दाखवायला तुमचं सरच पुढं हुते की!"

तशीच केडगावला गेले. चप्पलही न काढता दारात उभी राहिले. "सर, का?"

सर पायरीकडे बघत बारीक आवाजात म्हणाले, "निवृत्त झाल्यापासून तुम्ही सहा जण सोडले तर मला कुणी काही विचारलं नाही गं. व्हिडिओ टाकला त्या दिवशी एवढ्या लोकांनी विचारलं, सर, वाट कुठून आहे?"

"मग आम्ही सहा जण कोण होतो? आणि पिल्लू?" माझा आवाज सगळ्या आळीला ऐकू गेला असेल. जाऊ दे! ते आणखी काही सांगायला लागले, तेव्हा मीच म्हणाले, "शूऽऽ." आणि निघून आले. त्यानंतर आम्ही भेटलो नाही.

कड्यांवर मी अजून जाते. पिशवी आता माझ्या खांद्यावर असते, आणि तिच्यात पहिला मोबाईल माझा पडतो. त्या कड्याचं नाव मी इथं मुद्दामच लिहिलेलं नाही. ते तोंडातून निघू द्यायचं नसतं, हे मला सरांनी शिकवलं. आणि मला त्यांचा सगळ्यात जास्त राग येतो तो यामुळेच.