बाळांशी गप्पा मारणारी घरमालकीण

घणसोली गावात भाड्याने राहायला आलेलं एकही मूल आमच्या घरमालकीण मावशींच्या तावडीतून न बोलता सुटलेलं नाही. आम्ही त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा वर्षं काढली. बायको आणि मी दोघंही कामावर, त्यामुळे मुलगी दिवसभर मावशींच्या ओट्यावर. तिथे आणखी चार-पाच भाडेकरूंची पोरं. खेळणं म्हणाल तर एक फुटकी बादली. पण मावशींचं तोंड सकाळी जे सुरू व्हायचं ते पोरं झोपेपर्यंत. सहा महिन्यांच्या बाळापुढे बसून त्या भावकीतली भांडणं सांगत आणि मधेच विचारत, "सांग, माजा काय चुकला?" बाळ हुंकारलं की खूश! मी एकदा हसलो तर माझ्यावरच घसरल्या, "हसतोस काय? पोराला उत्तर द्यायला सवड दिली पायजे." मासे साफ करताना ताजा कुठला, शिळा कुठला ते प्रत्येक पोराला कल्ले उचलून दाखवायच्या. मुलीच्या तिसऱ्या वाढदिवसाला मी हौसेने रबरी मासा आणला. आमच्या चिमुरड्या बाईसाहेबांनी तो उलटासुलटा केला, हुंगला आणि जाहीर केलं, "शिला हाय. परत दे."

एवढ्या बोलघेवड्या बाईचा स्वतःचा नातू मात्र तीन वर्षांचा होऊनही बोलत नव्हता. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या पैशांतून मुलाने खारघरला टॉवरमध्ये फ्लॅट घेतलेला. नातवाला स्वतंत्र खोली, खोलीभर खेळणी, सांभाळायला बाई, हातात टॅब. मावशींकडे पाठवत नसत. गावठी बोलणं लागेल ही सुनेला भीती. मावशी वरवर म्हणायच्या, "त्यांना कसली कमी हाय?" पण कधी कधी ओट्यावरच्या पोरालाच नातवाच्या नावाने हाक मारायच्या. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, याला माणसांत ठेवा. एका रविवारी सून त्याला घेऊन आली. मावशींनी सकाळपासून ओटा तीनदा धुतला होता, नवं लुगडं नेसल्या होत्या. नातू समोर उभा राहिला आणि काय सांगू, बाईंची वाचाच बसली! "कायतरी चुकीचा बोलली तर परत आननार नाय," एवढंच माझ्या कानाशी पुटपुटल्या. तेव्हा माझी मुलगी उठली. त्याचा हात धरून तिने त्याला आजीशेजारी बसवलं आणि दम भरला, "ही आजी हाय. हिला सगला सांगायचा. ती आयकते."

पोरगं त्या दिवशी बोललं नाही. पण निघताना त्याने आजीचा पदर मुठीत धरला तो सोडेचना. सून टॅब पर्समध्ये टाकून परत ओट्यावर बसली. म्हणाली, "आई, बोला त्याच्याशी. तुम्हाला येतं तसंच बोला." मावशींनी डोळे पुसले आणि नातवापुढे भावकीतलं भांडण सांगायला घेतलं.

आता आम्हीही खारघरला राहतो. मुलगी चौथीत आहे, मराठी-इंग्रजी दोन्ही फाडफाड बोलते. तिला पहिले शब्द कोणी दिले ते मात्र तिला आठवत नाही. मी सांगतो तेव्हा ती हसते, आणि मला मावशींची फार आठवण येते.